पाठीतली नळी आणि परकराची नाडी

ज्या बाईच्या अंगाला सध्या नळी आणि पिशवी लावलेली आहे, तिच्यासाठी मी हे लिहिते आहे. पुरुषांनी वाचलं तरी हरकत नाही, पण त्यांना लुंगी असते, त्यांचं निभतं. मी आठवी पास आहे, नववीला बसले नाही. लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या. सांगण्यात चुकू नये म्हणून मी हे तीनदा उतरवून काढलं आहे, आणि दवाखान्यातल्या शिंदे सिस्टरांना एकदा वाचून दाखवलं आहे. त्यांनी एक ठिकाण सोडून बाकी ठीक आहे म्हटलं. ते एक ठिकाण त्यांच्या कौतुकाचं होतं. ते मी काढलेलं नाही.

माझं काम

माझं माहेर आणि सासर दोन्ही साकोलीच्या पलीकडे, भाताच्या मुलखात. लग्नाआधी मी गावात ब्लाउज आणि परकर शिवायची. नवऱ्याला, दिवाकरला, वाळूजला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत काम लागलं, म्हणून आम्ही इकडे आलो आणि रांजणगावात एक खोली घेतली. पुढे मला पिशव्यांच्या कंपनीत घेतलं.

भाजीच्या पिशव्या नव्हेत. ऑपरेशननंतर पोटातून, छातीतून, मूत्राशयातून जे पाणी, पू, लघवी नळीने बाहेर काढतात, ते साठवायच्या प्लास्टिकच्या पिशव्या. गावाकडे आईने विचारलं, "कशाच्या थैल्या बनवतेस वं?" तेव्हा मी "दवाखान्याच्या" एवढंच सांगितलं होतं.

मी आधी सीलिंग मशीनवर होते. प्लास्टिकचे दोन पापुद्रे डायखाली, म्हणजे साच्याखाली, ठेवायचे, मशीन दाबून कडा जोडतं. एक दिवस निकम सरांनी मला कात्री धरताना पाहिलं. ते नवीन पिशव्यांचे नमुने तयार करतात. म्हणाले, "ताई, हा हात मशीनवर वाया चाललाय." तेव्हापासून मी सॅम्पलच्या टेबलावर. सर कॉम्प्युटरवर आकृती काढायचे, मी ती कागदावर बेतायची, कापायची, जोडायची. नळी कुठून आत जाईल, रिकामी करायची तोटी कुठे येईल, आत गेलेलं उलट फिरू नये म्हणून पडदा कुठे बसेल, हे सगळं. मग नमुन्यात रंगीत पाणी भरून तो लोखंडी स्टँडला टांगायचा. थेंब गळला नाही, मापाच्या रेघांवरचा आकडा जुळला, की नमुना पास.

चार वर्षांत मी किती नमुने त्या स्टँडला टांगले असतील, सांगता येणार नाही. पिशवी लावलेला माणूस मात्र मी एकही पाहिला नव्हता.

निदानाचा दिवस

पाठ दुखायची. बसून काम, दुखणारच. मग थंडी वाजून ताप येऊ लागला. वाळूजच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला लावली. सोनोग्राफीवाल्या मॅडम आधी गप्पा मारत होत्या. मग गप्पा थांबल्या. त्यांनी तेच ते यंत्र डाव्या बाजूवर फिरवलं, परत उजव्या, परत डाव्या. मी विचारलं, "मॅडम, काय आहे?" त्या म्हणाल्या, "सोबत कोण आलंय?"

ज्यांनी हा प्रश्न ऐकला आहे त्यांना पुढचं सांगायला नको.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. माझी डावी किडनी जन्मापासूनच सुपारीएवढी आहे, ती कामाची नाही. आजवर सगळा भार उजवीवर होता आणि आता तिच्याच तोंडाशी खडा अडकला आहे. लघवी आत तुंबून पू झाला आहे. आज पाठीतून नळी घालून ती मोकळी करायची. पू आटला की काही आठवड्यांनी खडा काढायचा.

"आणि ही पण गेली तर?" दिवाकरने विचारलं.

"म्हणून तर आजच करायचं," डॉक्टर म्हणाले.

मला तेव्हा जे सुचलं ते सांगायला लाज वाटते. मी विचारलं, "पिशवी कोणत्या कंपनीची लावणार?"

वॉर्डात

जाग आली तेव्हा पिशवी पलंगाच्या बाजूला टांगलेली होती. आमची नव्हती, दुसऱ्या कंपनीची होती. मी मान वाकडी करून तिच्या कडा पाहू लागले. कोपऱ्यात सील थोडं जाड होतं, रेघांची छपाई तिरकी होती. तोटीला हात लावणार तेवढ्यात शिंदे सिस्टर आल्या. गंगापूरकडच्या, उंच, आवाज सगळ्या वॉर्डभर जाणारा.

"ओ लांजेवारताई! ती पिशवी हाय, लुगडं नाय. काठ काय बघताय?"

मी म्हटलं, मी ह्याच पिशव्या बनवते. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "अस्सं! मंग ती तोटी कोण बनवतं ते सांगा मला. तीन वर्षं झाली, रोज माझ्या चपलेवर थेंब पडतो."

दुखत असताना हसू आलं. हसल्यावर आणखी दुखलं.

वॉर्डाचा दिवस पिशवीवर चालतो. सकाळी किती आलं, दुपारी किती आलं. पहिल्या दिवशी आलेलं तांदळाच्या धुवणासारखं गढूळ होतं, मग लालसर, मग हळूहळू पिवळं. सिस्टर पिशवी मोजपात्रात रिकामी करून आकडा लिहायच्या, पिशवीवरच्या रेघांवर विश्वास ठेवायच्या नाहीत. त्यांचं बरोबरच होतं. पिशवी फुगली की रेघ खोटं बोलते, हे मला माहीत होतं. पण ज्या आकड्यावर आपली किडनी आहे की नाही ते ठरतं, तो आकडा खोटा असू शकतो हे माहीत असणं फार वाईट. मी दिवसभर पिशवीकडे बघत पडायची. थेंब पडला की एक श्वास.

दिवाकर डबा घेऊन यायचा आणि तोंड खिडकीकडे करून बसायचा. एकदा सिस्टरांनी त्याला सांगितलं, "या इकडं, पिशवी रिकामी करायची शिकून घ्या. घरी तुम्हालाच करायचंय." तो उभा राहिला, दोन पावलं आला आणि थांबला.

"मले नाही जमत वं, वनिता," तो हळू म्हणाला. "दुसरं काहीबी सांग."

मी म्हटलं, राहू दे, मी करीन. पण ते मनात राहिलं. बरेच दिवस राहिलं.

आईचा फोन यायचा. भावाकडे धान कापणीला आलं होतं आणि तिला एकटीला गाडी बदलून येता येत नाही. ती दुखण्याचं विचारायची नाही. विचारायची, "तिथं तुले भात देतात का वं? का भाकरच?" मी म्हणायची, देतात. खरं तर शेजारच्या रेहानाभाभी रोज डब्यात पातळ खिचडी पाठवत होत्या. त्या लासूर स्टेशनच्या. आमची आणि त्यांची खोली एका भिंतीची.

माझी हुशारी

सहाव्या दिवशी नळी आणि पिशवीसकट घरी सोडलं. शिंदे सिस्टरांनी निघताना सांगितलं, "पिशवी कमरेच्या खाली ठेवा, भरू देऊ नका, कपडे सैल घाला." मी मान हलवली. मला वाटलं, हे मला काय सांगता.

घरी मी गाऊन घालायची आणि पिशवी हातात धरून फिरायची. आठवडा झाल्यावर कंपनीतल्या बायकांचा निरोप आला, दुपारी भेटायला येतो. लघवीची पिशवी हातात घेऊन त्यांच्यासमोर बसायचं मला जिवावर आलं. ह्याच बायकांबरोबर मी रोज पिशव्या हाताळते, तरी आलं.

मग मी मशीन काढलं. जुन्या परकराला आतून, मांडीपाशी, पिशवीच्या मापाचा खिसा शिवला. तोटीसाठी खाली फट ठेवली, नळी वर कमरेतून आत घेतली. वर साडी नेसले. आरशात पाहिलं तर काही म्हणजे काही कळत नव्हतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी मला पूर्वीसारखी दिसले. मनात म्हटलं, हे निकम सरांना दाखवायला पाहिजे.

फक्त एक झालं. पिशवी भरू लागली की वजनाने परकर खाली ओढला जायचा. म्हणून मी नाडी ओढून घट्ट बांधली, आणि वर आणखी एक गाठ मारली.

बायका आल्या, चहा झाला, गेल्या. मी खूश होते. संध्याकाळी पाहिलं तर पिशवीत नवीन काही आलेलं नव्हतं. वाटलं, पाणी कमी प्यायले. दोन तांबे पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशी परत तोच परकर, तीच साडी, कारण आता मला गाऊनमध्ये राहावत नव्हतं. सकाळी थोडंसं आलं, मग काहीच नाही. पाठ जड झाली.

दुसरी कोणी असती तर तेव्हाच दवाखान्यात गेली असती. पण मी पिशव्या बनवणारी. मला पक्कं ठाऊक होतं की आतला पडदा कधी कधी चिकटतो आणि वाट बंद होते. आणि ही पिशवी दुसऱ्या कंपनीची, कोपऱ्यात सील जाड असलेली! मी तिला पहिल्या दिवसापासून नावं ठेवत होते.

माझ्या पेटीत आमच्या टेबलावरचा एक नमुना होता. मीच बेतलेला, मीच जोडलेला. नमुने घरी न्यायची परवानगी नाही. हा मी एकदा दिवाकरला माझं काम दाखवायला आणला होता आणि परत न्यायचा राहिला होता. त्यावर लाल पेनाने "सॅम्पल" लिहिलेलं होतं. तयार माल गॅसने निर्जंतुक करतात, नमुना करत नाहीत. तो कितीजणांच्या हातातून गेलेला असतो. हे मला माहीत होतं. माहीत असून मी दवाखान्याची पिशवी काढली आणि माझी लावली.

माझ्या पिशवीतही काही आलं नाही.

उलटं झालेलं

दुपारी रेहानाभाभी डबा द्यायला आल्या. मी भिंतीला टेकून थंडीने कुडकुडत होते.

"अगे वनिता! अंग तो तवा हो गया गे तेरा. कबसे है?"

"थोडा वेळ झाला. भाभी, जरा पांघरूण..."

"पांघरूण नक्को, रिक्षा लाती मैं. उठ. मेरे खांदेपे हात रख. रोती कायकू? रोना बाद में कर लेंगे, दोनों मिलके."

दिवाकर पहिल्या पाळीला होता, तो कंपनीतून थेट दवाखान्यात आला. मला आठवतं ते शिंदे सिस्टरांचं तोंड. त्यांनी पदर बाजूला केला, पाठीवर हात फिरवला, आणि त्यांचा हात कमरेपाशी थांबला.

"ही नाडी कुणी बांधली?"

"मी."

"बैलाला बांधत्यात का अशी?"

गाठ सुटेना. त्यांनी कात्रीने नाडी कापली. खाली नळी चपटी झाली होती आणि दुमड पडली होती तिथे एक पांढरी रेघ उमटली होती. ती रेघ मी ओळखते. टेबलावर नळीला अशी रेघ दिसली तर मी नमुना बाद करते. चार वर्षं मी ती रेघ शोधत आले होते, आणि ती माझ्याच पाठीमागे, माझ्याच गाठीखाली पडून होती.

सिस्टरांनी बोटांनी नळी गोल केली. आधी काही नाही. मग एक थेंब. मग गढूळ, तांबूस धार लागली. मला पाठीत काहीतरी सैल झालेलं कळलं. सिस्टर "येतंय, येतंय, सर, येतंय" असं ओरडल्या. कोणाच्या लघवीसाठी एवढा आनंदाचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

मग डॉक्टरांचं लक्ष पिशवीवरच्या लाल अक्षरांकडे गेलं.

"ही आमची नाही. कुठून आली?"

खोटं सुचत होतं. रेहानाभाभींनी औषधाच्या दुकानातून आणली असं म्हणता आलं असतं. भाभी दारातच उभ्या होत्या. कदाचित हो म्हटल्याही असत्या. पण डॉक्टर औषध कोणतं द्यायचं ते ह्या उत्तरावरून ठरवणार, एवढं मला कळत होतं. नोकरी जाईल हेही कळत होतं. मी सांगितलं. सगळं सांगितलं, खिशासकट.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "नळी कालच मोकळी झाली असती तर एवढ्यावर आलं नसतं. आता किडनीला किती लागलंय ते काही दिवसांनी कळेल. बदला ती पिशवी."

ते काही दिवस मी लिहू शकत नाही. एवढंच सांगते की रोज सकाळी रक्त न्यायचे आणि दुपारी किडनीचा आकडा यायचा, तो जेवढा कमी तेवढं बरं. आकडा सांगायला येणाऱ्याच्या पावलांवरून मी ओळखायला शिकले.

दुसऱ्या दिवशी पिशवी भरली तेव्हा सिस्टर दुसऱ्या पेशंटकडे होत्या. दिवाकर खिडकीपाशी होता. तो उठला, कोपऱ्यातलं मोजपात्र घेऊन आला, खाली उकिडवा बसला. तोटी उघडली, पाहत राहिला, तोटी बंद केली, आकडा मोठ्याने वाचला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू रोज बनवतेस ना हे. मंग मले काहून जमणार नाही?" त्याच्या चपलेवर थेंब पडला होता. सिस्टर लांबून म्हणाल्या, "बघा, तुम्हाला पन पडला का नाय?"

सरांना सांगणं

किडनी राहिली. पूर्वीइतकी नाही राहिली. डॉक्टर म्हणाले, जेवढी आहे तेवढी जपायची. पुढे खडा काढला आणि नळी निघाली. ज्या दिवशी नळी निघाली त्या दिवशी मला घाबरायला झालं. इतके दिवस आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसत होतं, आता दिसणार नव्हतं.

कामावर परत गेले ती पहिल्यांदा निकम सरांकडे. नमुना घरी नेल्याचं सांगितलं, लावल्याचं सांगितलं. त्यांनी हातातला कागद बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तो परकर आहे अजून?"

"आहे. नाडी कापलेली आहे."

"उद्या आणा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी परकर टेबलावर पसरला. खिसा आतून-बाहेरून पाहिला. फट पाहिली. म्हणाले, "ताई, खिसा चांगला बेतलाय. वजन कशावर पडेल ते नाही पाहिलंत." मी मान खाली घातली. तर म्हणाले, "मीही कधी पाहिलं नाही. आपण सगळं स्टँडवर तपासतो. स्टँडला कंबर नसते."

नमुन्याबद्दल त्यांनी मला लेखी समज दिली. ती द्यायलाच हवी होती. ती मी जपून ठेवली आहे. नोकरी गेली नाही, ह्यासाठी त्यांचे उपकार आहेत आणि ते मी विसरणार नाही.

पुढच्या आठवड्यात सर शहागंजातल्या कपड्याच्या दुकानातून एक जुना पुतळा घेऊन आले, साडी नेसवतात तसला, बिनडोक्याचा. त्याला परकर नेसवला, नाडी बांधली. सीलिंगवरचे लोक येऊन म्हणायचे, "वनिताताई, नवी मैत्रीण का? बोलत नाय वाटतं." मी म्हणायची, "म्हणून तर पटतं." पण पुतळा खाली बसत नाही, कणीक मळत नाही, कुशीवर वळत नाही. म्हणून पाणी भरलेला नमुना मी स्वतःच्या कमरेला लावते आणि ते सगळं करते. ह्यात उठता-बसता नाडीने नळी दबली की नमुना बाद.

आता आमच्या एका पिशवीला खांद्यावरून तिरका घ्यायचा पट्टा आहे, म्हणजे वजन नाडीवर येत नाही. नळी चेपू नये म्हणून तिच्यावर घालायची कडक नळकांडी अजून जमलेली नाही, ती पाठीला रुतते. बघू. तोटीचा थेंब अजून पडतो. शिंदे सिस्टर भेटल्या की चपला दाखवतात.

आणि आता

मला दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला जावं लागतं. आकडा थोडा वाढला की सात दिवस झोप नाही. हे संपणारं नाही. कोणी "आता बरी झालीस ना?" असं विचारलं की मी हो म्हणते, कारण विचारणारा चांगल्या मनाने विचारतो.

मागच्या वेळी रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरांच्या दाराबाहेर बसले होते. पाकीट उघडलं नव्हतं. शेजारी एक म्हातारी बाई बसली होती, नऊवारी नव्हे, गोल साडी, हात सारखा कमरेवर. पदराखाली पिशवी होती. मी तिच्या पिशवीकडे बघितलं. सवयच आहे. रिकामी होती.

मी विचारलं, "मावशी, कधीपासून रिकामी आहे?"

"सकाळधरनं. तुला गं काय करायचंय?"

"नाडी किती घट्ट बांधलीय?"

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. सोबतच्या सुनेला म्हणाली, "बघ गं, काय इचारती ही." सून हसली. मी हसले नाही. मी उठून तिच्या पाठीमागे गेले, पदर आडवा धरला आणि म्हटलं, "मावशी, माझी अशीच बांधली होती."

तिचा हात कमरेवरून पुढे सरकला. मग स्वतःच पोटापाशी चाचपू लागली. गाठ ओली होऊन बसली होती.

आतून माझं नाव पुकारलं. परत पुकारलं. रिपोर्टचं पाकीट मी दातात धरलं, दोन्ही हात गाठीला लावले आणि मान हलवूनच सांगितलं, थांबा, एवढी सुटू द्या.